तीनशे वीसचा रोज

"टॉवर दिसतोय का?" खानविलकर सरांनी विचारलं.

सकाळचे सव्वासात झाले होते. आम्ही दोघं पत्र्याच्या शेडच्या दारात उभे होतो. समोर धावपट्टी होती, म्हणजे तिचा जवळचा तुकडा तेवढा दिसत होता. त्यापुढे सगळं पिवळट. धुक्यात निदान गारवा असतो. हा धूर होता, तीन आठवडे साठलेला. ओल्या राखेची चव जिभेवरून जात नव्हती.

"नाही दिसत," मी म्हणालो.

"मग चहा घेऊ."

धावपट्टीच्या टोकापलीकडे, शेडपासून बरोबर दीड किलोमीटरवर, मोबाइलचा एक लाल-पांढरा टॉवर होता. तो दिसला तर उडायचं, नाही दिसला तर नाही. दीड किलोमीटरची ही मर्यादा कंपनीच्या नियमांतही लिहिलेली होती, पण ती पाळायची म्हणून चहा घेत बसून राहणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. त्या वर्षी बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातल्या भागात जंगलं पेटली होती. तिथे नुसती झाडं जळत नाहीत, जमीनच जळते. शेकडो वर्षं पाण्यात कुजलेल्या पाल्याचा आणि लाकडाचा काळा थर असतो तो, कुठे कुठे दोन-दोन पुरुष खोल. कालवे खणून पाणी काढून टाकलं की तो वाळतो, आणि मग एक काडी पुरते. वरून विझली तरी आग खालून चालत राहते आणि शंभर पावलांवर पुन्हा डोकं वर काढते. ती विझवायला तिथल्या सरकारने परदेशी कंपन्यांची हेलिकॉप्टरं भाड्याने घेतली होती. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली लांब दोराने एक मोठी नारिंगी बादली लटकवायची, कालव्यात बुडवून भरायची, आगीवर नेऊन ओतायची, परत कालव्यावर यायचं. दिवसभर तेच. आमच्या मशीनमध्ये वैमानिक एकच बसायचा, त्यामुळे एक दिवस सरांचा, एक दिवस माझा.

कर्नल मुकुंद खानविलकर मूळचे चिपळूणचे. लष्करात मी हेलिकॉप्टर शिकलो ते त्यांच्या हाताखाली. आता ते सत्तावन्न वर्षांचे होते, निवृत्त. मी अडतिसाव्या वर्षी मेजर असताना राजीनामा देऊन बाहेर पडलो होतो. बाहेर पैसा वाट बघत उभा आहे अशी माझी समजूत होती. दीड वर्षं मी घरी बसलो. बावधनच्या फ्लॅटचे हप्ते बायकोच्या पगारातून जात होते आणि ती त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हती, हे जास्त जड जात होतं. अशात सरांचा फोन आला. "हंगामी काम आहे, शिर्के. तीन महिने. येतोस?"

सिंगापूरच्या एका कंपनीचं काम होतं. या धंद्यात वैमानिकाला पैसे देण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे रोजचे थोडे, आणि जितके तास उडाल तितक्या तासांचे वेगळे. दुसरी म्हणजे दिवसाचा एकच आकडा, उडा नाहीतर बसून राहा. बहुतेक सगळे पहिली रीत घेतात, कारण आगीच्या हंगामात दिवसाला सहा-सात तास सहज होतात. आमच्या करारात दुसरी होती. दिवसाला तीनशे वीस डॉलर, दोघांनाही. सगळं सरांनीच ठरवलं होतं. मी सही करून मोकळा झालो होतो.

शेजारच्या शेडमध्ये दुसऱ्या एका कंपनीचं मशीन होतं. त्याचा वैमानिक आंद्रे, उंचापुरा आणि हसरा. त्याला रोजचे एकशे चाळीस आणि तासाला ऐंशी मिळत. जेवताना तो मोबाइलवर आकडे मांडायचा आणि मोबाइल माझ्याकडे फिरवून दाखवायचा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आदल्या आठवड्यात टॉवर दिसला नाही म्हणून आम्ही चार दिवस बसून होतो. त्या चारही दिवशी आंद्रे उडाला होता.

मी सरांना एकदा विचारलंही होतं. "सर, तासावर घेतलं असतं तर दुप्पट झाले असते."

"झाले असते."

"मग?"

"तासाला पैसे लावले ना शिर्के, की नसलेला टॉवरही दिसायला लागतो." एवढं बोलून त्यांनी कोशिंबिरीत मीठ घातलं. विषय संपला.

माझ्या बाजूने तो संपला नव्हता. रात्री अंथरुणावर पडलो की बसून घालवलेल्या दिवसांचे तास मी मोजायचो आणि त्यांना ऐंशीने गुणायचो.

त्या सकाळी पाळी सरांची होती. चहा अर्धा झाला असेल नसेल तोच हर्मन धावत आला. हर्मन तिथलाच. जमिनीवरच्या आग विझवणाऱ्या पथकांशी रेडिओवर बोलायचं काम त्याच्याकडे होतं. त्याचं इंग्रजी बेताचं, पण त्या दिवशी एकेक शब्द कळत होता. सात नंबरच्या कालव्यावर नऊ जणांचं पथक रात्रभर काम करत होतं. पहाटे वारा फिरला आणि आग त्यांच्या पाठीमागे आली. सात वाजल्यापासून त्यांचा रेडिओ बंद होता.

सर उठून दारात गेले. टॉवरच्या दिशेने त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"साडेनऊपर्यंत थांबू," ते म्हणाले. "ऊन चढलं की थोडं वर उचललं जातं."

हर्मन तिथेच उभा राहिला. आंद्रेच्या मशीनची झाकणं तपासणीसाठी काढून ठेवलेली होती, ते आज हलणार नव्हतं. उडू शकेल असं एकच मशीन होतं आणि ते आमचं.

"सर, नऊ माणसं आहेत," मी मराठीत म्हणालो.

"ऐकलं मी."

"दोन तास म्हणजे फार होतात."

"मला काही दिसलं नाही तर मी पाणी कुणावर टाकणार? आगीवर की त्यांच्यावर?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "न दिसता गेलो तर त्या नऊ जणांना शोधायला निघालेली माणसं आणखी एक मशीन शोधत बसतील."

"मी जातो."

"आज पाळी माझी आहे. आणि तुझी असती तरी सोडलं नसतं."

ते परत खुर्चीवर बसले आणि त्यांनी कप उचलला. तो कप उचलणं मला सहन झालं नाही. समोर माणसं जळतायत आणि हा माणूस चहा पितोय. ही दया होती असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिलो. थोडी असेलही. पण तोंडातून जे बाहेर पडलं ते दयेतून आलेलं नव्हतं.

मी म्हणालो, "तुमचं बरं आहे सर. उडा नाहीतर बसा, तीनशे वीस ठरलेलेच."

हर्मनला मराठी कळत नव्हतं. आमचा इंजिनिअर बेनी केरळचा, त्यालाही नाही. त्या शेडमध्ये ते वाक्य फक्त दोघांना कळलं.

सरांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, पण ते रागावले नव्हते. भर वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने भलतंच उत्तर द्यावं आणि मास्तरांनी क्षणभर गप्प व्हावं, तसं काहीसं ते पाहणं होतं. मग ते उठले, हेल्मेट घेतलं, हातमोजे चढवले.

"हर्मनला सांग, निघतोय म्हणून," ते म्हणाले.

शेडपासून हेलिकॉप्टरपर्यंत साठ-सत्तर पावलं होती. तेवढ्यात मला "सर, थांबा" म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी बरं वाटत होतं, एकदाचं बोललो म्हणून.

पंखे फिरले, धुळीचा लोट उठला. मशीन वर गेलं, बादली जमिनीवरून घासत सुटली आणि दोनशे मीटरवर सगळं पिवळ्यात नाहीसं झालं. आवाज तेवढा बराच वेळ येत राहिला.

तासाभराने ते इंधन घ्यायला उतरले. पंखे चालूच होते. बेनीने नळी लावली आणि मी वाकून त्यांच्या खिडकीपाशी गेलो. त्यांचे डोळे लाल झाले होते. कपाळावरच्या घामाला धुराचा काळा रंग चढला होता.

"काय दिसतंय सर?"

"काही नाही." पंख्यांच्या आवाजावर त्यांना ओरडावं लागत होतं. "कालवा दिसतो, तोही अगदी वर गेल्यावर. माणसं कुठे दिसली नाहीत."

"मग?"

आजही मला तो 'मग' ऐकू येतो. 'मग पुरे करा' असं मला म्हणायचं होतं का? की 'मग आता काय करणार' असं? मला ठाऊक नाही. त्यांनी त्यातून काय घेतलं तेही ठाऊक नाही.

"मग काय, शोधतो," ते म्हणाले आणि बेनीला नळी काढायची खूण केली.

नऊ वीसला हर्मनचा फोन वाजला. तो फोनवर ओरडायलाच लागला आणि मग हसायला. नऊच्या नऊ जण सुखरूप होते. रेडिओ पाण्यात पडून बंद झाला होता. सात वाजताच, म्हणजे आम्ही चहा घ्यायच्याही आधी, ते कालव्यातल्या होडीत बसून निघाले होते आणि नदीकाठच्या एका गावात पोचले होते. तिथे मोबाइल लागला तेव्हा त्यांनी फोन केला.

हर्मनने रेडिओ उचलला आणि सरांना सांगितलं, "कर्नल, सगळे बाहेर आहेत. नऊही जण. परत या."

थोडी खरखर झाली. मग सरांचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "छान. फार छान. परत येतोय."

त्यानंतर रेडिओवर काही आलं नाही.

साडेनऊला ऊन चढलं, धूर जरा वर उचलला गेला आणि टॉवर दिसायला लागला. मी शेडच्या दारात उभा राहून त्याच्याकडे बघत होतो. पावणेदहा झाले. दहा झाले. हर्मन रेडिओवर त्यांचं नाव घेत राहिला, आधी जोरात, मग हळू. शेवटी त्याने रेडिओ खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मशीन सात नंबरच्या कालव्यापासून अर्ध्या किलोमीटरवर सापडलं. मागचा पंखा एका जळक्या झाडाला लागला होता. पानं-फांद्या जळून गेलेलं नुसतं उभं खोड, धुराच्याच रंगाचं. ते त्यांना दिसलंच नसणार. आम्ही होडीने तिथे गेलो तेव्हा ते नऊ जण आमच्या आधी पोचले होते. हर्मनकडून कळताच ते त्याच वाटेने परत आत शिरले होते. तापलेल्या जमिनीवरून, बुटांचे तळवे चिकटत असताना, त्यांनीच सरांना उचलून होडीपर्यंत आणलं. मला हात लावू दिला नाही. त्यांच्या म्होरक्याचं नाव रुसदी, तेवढं मला कळलं. तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "आम्ही हेलिकॉप्टर पाहिलं नाही. आवाज आला होता. आम्हाला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी आलं असेल."

आठवड्याने मला सिंगापूरला बोलावलं. चौकशी करणारा गृहस्थ सभ्य होता. त्याने मला पाणी दिलं, माझी आणि सरांची किती वर्षांची ओळख ते विचारलं. मग कागद पुढे ओढला.

"उड्डाणाचा निर्णय कोणाचा होता?"

"कर्नल खानविलकरांचा."

"कोणी आग्रह केला? दबाव?"

"रेडिओवाल्याने परिस्थिती सांगितली. आग्रह नाही केला."

"तुम्ही?"

"नाही."

"पैशांची रीत काय होती?"

"दिवसाचे ठरलेले. उडालो तरी तेवढेच, नाही उडालो तरी तेवढेच."

त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं. पुढे अहवालात ते वाक्य आलं. वैमानिकाला उडण्यात आर्थिक लाभ नव्हता. दृश्यमानता मर्यादेपेक्षा कमी असताना त्याने स्वतःच्या निर्णयाने उड्डाण केलं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात ती मर्यादा ओलांडली नव्हती, त्याच्या नावावर ती ओलांडल्याची कायमची नोंद झाली. मी प्रत्येक पानावर सही केली.

खालच्या मजल्यावर मिस लिम बसायची. वैमानिकांचे करार ती बघायची. सरांचं सामान आणि काही कागद तिने माझ्या ताब्यात दिले, तिचे डोळे भरून आले होते. मग ती जरा चाचरत म्हणाली, "मिस्टर शिर्के, हंगामाचे पाच आठवडे राहिलेत. तुम्ही थांबणार असाल तर तुमचा दर आता दोनशे चाळीस होईल."

"का? करारात तर तीनशे वीस आहे."

"ते कर्नलमुळे होतं." तिला वाटलं होतं मला माहीत आहे. "आम्ही त्यांना चारशे देत होतो आणि तुम्हाला दोनशे चाळीस. तुमचा हा पहिलाच हंगाम ना. ते म्हणाले, दोन्ही आकडे एकत्र करा आणि अर्धे अर्धे वाटा. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, ज्याला कमी मिळतं त्याला नाही म्हणायला जास्त जड जातं. तो मुलगा अडचणीत आहे, त्याला माझ्याइतक्याच सहज नाही म्हणता आलं पाहिजे."

मी खुर्चीवर बसून राहिलो. ती पाणी आणायला उठली.

चौकशीवाला गृहस्थ अजून वरच्या मजल्यावर होता. लिफ्ट समोर होती. मी वर जाऊन सांगू शकलो असतो की एक उत्तर मी चुकीचं दिलंय, ते खोडून लिहा. मिस लिम पाणी घेऊन आली. मी ते प्यायलो आणि विचारलं, "तासावर घेतलं तर काय दर पडेल?"

तिने सांगितलं. मी सही केली. त्यानंतर आणखी चार हंगाम मी तासावरच उडालो. फ्लॅटचं कर्ज मुदतीच्या सहा वर्षं आधी फिटलं.

पण त्याआधी चिपळूणला जाणं होतं. सरांचं सामान घेऊन मी गेलो तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. वाशिष्ठीच्या बाजूला एका छोट्या सोसायटीत, पहिल्या मजल्यावर घर. सरांच्या पत्नी सुमतीकाकूंना मी लष्करी वसाहतीतल्या दिवसांपासून ओळखत होतो. तिथे त्यांच्या हातचं जेवलो होतो. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी सामानाची बॅग उघडली नाही, नुसती मांडीजवळ घेऊन बसल्या.

"निरंजन, तू होतास ना तिथे?"

"होतो काकू."

"मला फोनवर सांगायचे, धूर असला की आम्ही बसून असतो म्हणून. मी म्हणायचे, बरंय, बसूनच राहा." बॅग त्यांनी आणखी जवळ ओढली. "मग त्या दिवशी का गेले?"

बस चिपळूणच्या जवळ येईपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो. काय झालं ते सांगायचं, पाया पडायचं आणि उठायचं असं ठरवलं होतं.

"माणसं अडकली होती," मी म्हणालो. "नऊ जण."

"मग? त्यांचं काय झालं?"

"वाचले. सगळे."

काकूंनी डोळे मिटले. बराच वेळ मिटूनच ठेवले. उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच आलं असावं असं काहीतरी होतं, जरासं ऊन पडल्यासारखं.

"म्हणजे यांच्यामुळे नऊ माणसं वाचली."

त्यांनी तो प्रश्न म्हणून विचारला नव्हता. तरी मी उत्तर दिलं. "हो काकू."

"गावात लोक वेगळंच बोलतात रे. एवढं पेन्शन असताना या वयात डॉलरसाठी गेला, म्हणतात." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आता बोलू देत."

तेव्हापासून ती गोष्ट चिपळूणमध्ये तशीच सांगितली जाऊ लागली. सरांच्या शाळेने सन्मानफलकावर त्यांचं नाव लावलं, खाली 'नऊ जणांचे प्राण वाचवताना' असं लिहून. मला समारंभाचं बोलावणं आलं होतं. कामाचं कारण सांगून मी गेलो नाही.

सुमतीकाकू मागच्या पौषात वारल्या. म्हणून हे आता लिहितोय. त्यांच्या हयातीत लिहायची छाती झाली नाही. एकदा त्यांना खरं सांगायला गेलो होतो, तेवढं लिहायचं राहिलं आहे.

ती पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी उडणं सोडलं होतं. झोप लागत नव्हती, डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगून ये." मी गाडी काढली आणि थेट चिपळूणला गेलो.

काकू खूप वाकल्या होत्या. एका डोळ्याला दिसत नव्हतं, दुसऱ्यात मोतीबिंदू. मी आलो म्हणून त्यांना झालेला आनंद बघवत नव्हता. त्यांनी घावनं केली, मला बळेबळे वाढली. संध्याकाळ होत आली तरी मी बोललो नव्हतो. त्या देवापाशी दिवा लावून आल्या आणि समोर बसल्या.

"काकू, मला एक सांगायचं होतं."

"सांग की. पण त्याआधी माझं एक काम कर. विसरेन नाहीतर." त्यांनी शेजारच्या कपाटातून एक वही आणि पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. "रोज दिवा लावताना मी यांचं नाव घेते. आणि त्या नऊ जणांसाठी हात जोडते, सुखी राहू देत म्हणून. पण नुसतं 'ते नऊ जण' म्हणायचं, बरं वाटत नाही रे. इतकी वर्षं झाली, मला त्यांची नावं माहीत नाहीत. तू पाहिलंयस त्यांना. तुला ठाऊक असतील."

मी वही मांडीवर घेतली.

"मुसलमान असतील ना ते? असू देत. आपल्या देवाला चालतं."

"काकू—"

"मोठ्या अक्षरात लिही. मला दिसेल असं."

मला एकच नाव माहीत होतं. मी लिहिलं: रुसदी. मग पेन थांबलं. काकू वाट बघत होत्या, त्यांची ती अधू नजर कागदावर नाही, माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला कुठेतरी होती. मी हर्मन लिहिलं. मग आमच्या मेसमध्ये भात करायचा त्याचं नाव आठवलं, सुगिअंतो. गाडी चालवायचा तो बुदी. कपडे धुवायला न्यायचा तो यांतो. मग माझ्याजवळची माणसं संपली आणि मी नुसते आवाज जुळवत गेलो. अनवर. दार्मा. इस्माइल. सलीम.

"झाली?" काकूंनी विचारलं.

"झाली."

"मुलंबाळं आहेत त्यांना?"

"आहेत. सगळ्यांना."

काकूंनी समाधानाने मान हलवली. मग भिंतीचा आधार घेत उठल्या, देवापाशी गेल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

"आज तूच वाच," त्या म्हणाल्या. "मी तुझ्यामागून म्हणते. उद्यापासून माझी मी म्हणेन."

मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि वाचायला लागलो. एकेक नाव त्या माझ्यामागून म्हणत होत्या, अडखळत, आपल्या जिभेला येईल तसं वळवून. सुगिअंतो त्यांना येईना. मी पुन्हा सांगितलं. त्या पुन्हा म्हणाल्या. नऊच्या नऊ नावं मी वाचली, आणि शेवटच्या नावापर्यंत माझा आवाज एकदाही हलला नाही.